पंचायतीमागचे सहा गुंठे : सामाईक भाजीबागेच्या नोंदी, जानेवारी 2023 ते फेब्रुवारी 2024

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, देवळी तालुक्यात. घरं दीडशेच्या आसपास, जमीन काळी, पीक कापूस, सोयाबीन, तूर. बचत गटाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी या नोंदी ठेवत होते. शेजारच्या दोन गावांतल्या बाया बाग पाहून गेल्या आणि "आमालेही करायची आहे, कसं केलं ते लिहून दे" म्हणाल्या. म्हणून तारखांसकट उतरवून काढते आहे. पैसे किती गेले, दिवस किती वाया गेले, चुका कुठे झाल्या, सगळं जसंच्या तसं ठेवलं आहे.

15 जानेवारी 2023

गटातल्या चौदा घरांनी तीन आठवडे भाजीचा खर्च लिहून ठेवला. पाच माणसांच्या घराला आठवड्याला 180 ते 240 रुपये लागतात. बाजार बुधवारी. बुधवार ते शनिवार भाजी पुरते, रविवारपासून डाळ, बेसन, नाहीतर मिरचीचा ठेचा. चौदापैकी पाच घरांना शेती नाही. ज्या नऊ घरांना आहे, त्यांच्याकडेही सांभार (कोथिंबीर) विकतचाच येतो.

सासूबाई सांगतात, पूर्वी पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या तासांत बरबटी (चवळी), काकडी, भेंडी असायची, धुऱ्यावर म्हणजे बांधावर अंबाडी असायची. निंदायला म्हणजे तण काढायला गेलेली बाई संध्याकाळी ओटीत भाजी घेऊनच यायची. आता निंदण कमी झालं, तणनाशक आलं, धुरेही फवारतात. घरापुढच्या अंगणात सिमेंट आलं. भाजी लावायला जागाच राहिली नाही, ही खरी अडचण. पंचायत भवनाच्या मागे सहा गुंठे मोकळे पडले आहेत, बाजूला जुनी सार्वजनिक विहीर आहे. नळ योजना आल्यापासून तिचं पाणी कोणी पीत नाही. तिथे बाग करायची असं गटात ठरलं.

26 जानेवारी

ग्रामसभेत विषय मांडला. दोन हरकती आल्या. पोरं म्हणाली आम्ही तिथे क्रिकेट खेळतो. दुसरी हरकत जड होती: चार घरांचे शेणखताचे ढीग वर्षानुवर्षं त्याच जागेवर आहेत. त्या घरांतले एक काकाजी रागावले, "आमचं खत उचलून तुमची मेथी लावता काय?" त्यांचं चूक नव्हतं. शेवटी असं ठरलं की ढिगांना विहिरीच्या पलीकडे जागा द्यायची आणि बागेला लागणारं खत त्यांच्याकडूनच विकत घ्यायचं. तेव्हा ते राजी झाले.

ठराव तीन वर्षांचा. जागा पंचायतीचीच राहील, पक्कं बांधकाम करायचं नाही, कोणाच्या नावे काही होणार नाही. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह त्याच आठवड्यात मागून घ्या. आम्ही मार्चपर्यंत थांबलो आणि तेवढ्यासाठी पाच चकरा झाल्या.

12 फेब्रुवारी

सफाई. तीन दिवसांत होईल वाटलं होतं, अकरा दिवस लागले. गुटख्याच्या पुड्या, काचा, सलाइनच्या बाटल्या, फुटकी कवेलू (कौलं). दोन ट्रॉल्या कचरा निघाला. ट्रॅक्टरचे 1,800 रुपये. गाजरगवत फुलावर यायच्या आत उपटलं. दोघींच्या हाताला खाज सुटली आणि चट्टे आले. हातमोजे नसतील तर निदान प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधूनच त्याला हात लावा.

9 मार्च

झाडांसाठी खड्डे: पपई 6, शेवगा 6, लिंबू 3, सीताफळ 2, कढीपत्ता 8. दीड फुटाच्या खाली माती इतकी घट्ट की सब्बल आदळायची. खड्डे उन्हाळाभर तापू द्यायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. पण घाईत आम्ही त्यांत लगेच शेण भरलं, तेही कच्चं. याचा हिशेब पुढे मे महिन्यात आला.

सभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. खर्च शून्य, पण बारा जणींचे दोन दिवस गेले. काटे कमी पडले तिथे वाळलेल्या पऱ्हाट्या रचल्या.

14 मार्च

त्या पऱ्हाट्या आज काढून जाळल्या. बाजूच्या शेतवाल्या भाऊंनी येऊन दाखवलं: किडकी बोंडं तशीच लटकलेली, आणि एक फोडून पाहिलं तर आत गुलाबी बोंडअळी. पऱ्हाट्या रचून ठेवल्या की अळी त्यात दबून राहते आणि पुढच्या हंगामात शेतात उतरते. आमच्या कुंपणापायी त्यांच्या कापसाला धोका झाला असता. मांडवाला, कुंपणाला तुराट्या वापरा, बांबू वापरा, पऱ्हाट्या नको.

22 एप्रिल, अक्षय तृतीया

आजच्या दिवशी वेलाचं बी टोचायची जुनी रीत आहे. कुंपणालगत कोहळं, दोडका, गिलकं टोचलं. रोज संध्याकाळी विहिरीवरून बादल्यांनी पाणी.

17 मे

विहिरीत चार फूट पाणी उरलं. एक एचपीची मोटर वीस मिनिटांत हवा ओढायला लागते. जमिनीला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडल्या आहेत. वेलाला ओतलेलं पाणी भेगेतून सरळ खाली जातं, मुळाला मिळतच नाही. आधी फावड्याने भेगा बुजवायच्या, मग पाणी द्यायचं, हे आम्हाला पंधरा दिवसांनी समजलं.

ओल टिकावी म्हणून सोयाबीनचं कुटार (भुसा) पसरलं होतं. त्याला उधई (वाळवी) लागली. खड्ड्यातल्या कच्च्या शेणातही उधई, शिवाय पांढऱ्या जाड हुमण्या. एका खड्ड्यातून अठरा मोजल्या. सगळे खड्डे पुन्हा उपसले, शेण बाहेर काढून उन्हात पसरलं, हुमण्या कोंबड्यांपुढे टाकल्या. 25 खड्डे दोनदा खणून झाले. कुटार उन्हाळ्यात पसरू नका, पाऊस संपल्यावर पसरा.

वेलांपैकी कोहळ्याचे तीन वेल जगले, बाकी गेले.

8 जून

मिरग निघाला, पाऊस नाही. तोपर्यंत सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन आलो. मातीचा सामू (पीएच) आठच्या वर आहे, हे तिथे समजावून सांगितलं. शेवग्याचं पीकेएम-1 जातीचं बी आणलं. ही जात तामिळनाडूतल्या पेरियाकुलमची, बियाण्यापासून वर्षाच्या आत शेंगा देते. पिशव्यांत रोपं केली.

24 जून

पाऊस आला! दोन दिवस सलग. सगळ्या चौदा जणी आल्या. सपाट वाफे पाडून अंबाडी, बरबटी, भेंडी, गवार, पालक पेरला. वांगी आणि भेदऱ्याची (टोमॅटोची) रोपं लावली. पेरणी एकत्र, निंदण एकत्र, तोडणी एकत्र आणि वाटणीही समान, असं ठरलं होतं. त्या दिवशी ते फार छान वाटत होतं.

6 जुलै

आज एक गोष्ट शिकले, ती सविस्तर लिहिते.

आम्ही तिघी वाफे निंदत होतो. गल्लीतली एक बुढी आजी काठी टेकत आली. वय ऐंशीच्या पुढे, मजुरीला आता जात नाही. ती काही न बोलता आम्ही उपटून टाकलेल्या तणाच्या ढिगापाशी बसली आणि एकेक रोप निवडायला लागली. केना वेगळा, तरोटा (टाकळा) वेगळा, माठ वेगळा. तरोट्याची वरची दोन-तीन कोवळी पानंच खुडायची, खालची नाही, हे नखाने मोडून दाखवलं. पान कोवळं असलं तर देठ टचकन मोडतो, निबर झालं की धागा निघतो. "फेकून काहून रायल्या वं? भाजी तं हेच आहे," म्हणाली. अर्ध्या तासात तिच्या पदरात दोन घरांना पुरेल एवढी भाजी होती. रात्री तरोट्याची भाजी लसूण घालून, भाकरीसोबत केली. माझ्या मुलाने ती पहिल्यांदाच खाल्ली.

त्या वेळी वाफ्यांतलं आमचं एकही पीक तोडायला आलं नव्हतं. म्हणजे बागेची पहिली भाजी आम्ही पेरलेली नव्हतीच. पूर्वेच्या कडेची एक पट्टी तशीच सोडायची ठरवली. तिथे निंदायचं नाही, फक्त गाजरगवत काढायचं. त्या पट्टीवर आजीचा शब्द चालेल.

22 जुलै

चार दिवस धो धो पाऊस. बागेत घोटाभर पाणी साचलं. काळी माती पाणी सोडत नाही. एकदा फुगली की वरचं पाणी वरच राहतं, आणि आमचे वाफे सपाट. पालक सडला, गवार पिवळी पडली. सहापैकी चार पपया बुंध्याशी मऊ होऊन आडव्या झाल्या. पपईच्या मुळाला साचलेलं पाणी दोन दिवसही चालत नाही. उंच कडेवरच्या दोन वाचल्या. शेवग्याची दोन रोपं गेली.

भर पावसात टिकास-फावडं घेऊन मधून एक आणि दोन्ही बाजूंना एकेक नाली काढली. पाणी दोन तासांत उतरलं. या तीन नाल्यांना एकूण एकच दिवस लागला. हाच दिवस मार्चमध्ये दिला असता तर पुढचं नुकसान टळलं असतं. काळ्या मातीत बाग करणाऱ्याने बी आणण्याआधी उतार पाहावा. जमिनीवर बादलीभर पाणी ओता, ते कुठे जातं ते बघा, नाली त्याच बाजूला काढा.

29 जुलै

पावसात बाभळीचे काटे कुजून खाली बसले आणि बकऱ्या घुसल्या. एका दुपारी भेंडीचे दोन वाफे संपले. बकरीवाल्या घराशी भांडण झालं. त्या बाईचं म्हणणं: कुंपण धड नाही त्यात बकरीचा काय दोष? रात्री विचार केला तर तिचं बरोबर वाटलं.

जाळीचं कुंपण घ्यायचं ठरलं. सिमेंटचे 33 खांब, 280 प्रमाणे 9,240. पाच फुटी जाळीचे 7 बंडल, 1,700 प्रमाणे 11,900. गाडीभाडं 1,200. एकूण 22,340 रुपये. चौदा घरांनी 700 प्रमाणे 9,800 दिले, गटाने 10,000 कर्जाऊ दिले, उरलेले 2,540 गावातल्या किराणा दुकानदार भाऊंनी न मागता दिले. आमच्या सगळ्या खर्चात हाच मोठा आणि हाच सगळ्यांत उशिरा केला.

6 ऑगस्ट

आजची बैठक मला महत्त्वाची वाटते.

जुलैअखेरीस बागेत रोज येणाऱ्या चारच जणी उरल्या होत्या. बाकीच्यांना दोष द्यावासा वाटला, पण कारणं ऐकली. एकीचं लहान लेकरू. तिघी रोज निंदणाला जातात, मजुरी सोडून बागेत आल्या तर संध्याकाळची चूल अडते. एकीने स्पष्ट सांगितलं, "मी निंदलं काय अन् नाही निंदलं काय, वाटा तं सारखाच." तिकडे रोज येणाऱ्या चौघी धुसफुसत होत्या. भेंडी सगळ्यांची म्हणून कोणी वेळेवर तोडेना, ती निबर होऊन बियाला आली. आणि कोण कधी येऊन काय तोडून गेलं, यावरून कुजबुज सुरू झाली होती.

तीन तास बोलून असं ठरलं. कुंपण, विहीर-मोटर, खत, नाल्या आणि झाडं सगळ्यांची. वाफे मात्र ज्याचे त्याचे. 20 फूट बाय 4 फुटाचे 28 गादीवाफे, जमिनीपासून नऊ इंच उंच, प्रत्येक घराला दोन. आपल्या वाफ्यात काय लावायचं, कधी तोडायचं, ते त्या घराने ठरवायचं. सामाईक कामाला महिन्यातून दोन रविवार, सकाळी दोन तास. नाही आली तर 50 रुपये, किंवा बदल्यात घरातलं दुसरं माणूस.

वाफे चिठ्ठ्या टाकून वाटले. आमच्या गटात दोन्ही मोहल्ल्यांतल्या बाया आहेत. आपापल्या पसंतीने घेतले असते तर अर्धी बाग एका मोहल्ल्याची आणि अर्धी दुसऱ्याची झाली असती. चिठ्ठीमुळे शेजार आपोआप मिसळला. आता माझ्या डावीकडे जी ताई आहे, तिच्या घरी मी लग्न होऊन आल्यापासून सोळा वर्षांत एकदाही गेले नव्हते. आता बी मागायला जाते.

19 ऑगस्ट

ऑगस्ट कोरडा चालला आहे. जुलैत बुडालो आणि आता पाणी देतो आहोत. पाण्यासाठी 300 फूट पाइप घेतला, 2,700 रुपये. उंच वाफ्यांतलं उभं पीक बरं आहे.

जीवामृत केलं. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या पद्धतीचं प्रमाण गावात सगळ्यांना पाठ आहे: 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. आम्ही अख्खा ड्रम भरला. पण हे प्रमाण एका एकराचं आहे. सहा गुंठ्यांना 30 लिटर पुरतं. म्हणजे शेण दीड किलो, गूळ आणि बेसन 300-300 ग्रॅम. उरलेलं आठवड्यात वास मारायला लागलं, ओतून द्यावं लागलं. गूळ-बेसनाचे तीनशे रुपये त्यात गेले.

27 ऑगस्ट

मोठं नुकसान. चूक माझी, म्हणून मीच लिहिते.

वांग्यावर मावा आणि तुडतुडे दिसले. पाच टक्के निंबोळी अर्क केला: 15 लिटरच्या पंपाला 750 ग्रॅम निंबोळीची भुकटी, रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, थोडा साबण घालून. अर्क चांगला झाला होता. पंप मी एका शेतकरी घरातून मागून आणला, दोनदा पाण्याने विसळला आणि नऊ वाफे फवारले.

चौथ्या दिवशी वांग्याचे शेंडे वाकडे दिसले. नवीन पानं रुंद व्हायच्या ऐवजी दोरीसारखी अरुंद, कडा आत वळलेल्या. भेदऱ्याची खोडं पिळवटली. बरबटीची पानं चिमटली. आधी वाटलं व्हायरस आहे. पण त्याच वाफ्यांच्या कडेला मका होता आणि तो हिरवागार, सरळ. तेव्हा पंपवाल्या भाऊंना विचारलं. त्यांनी त्याच पंपाने धुऱ्यावर 2,4-डी मारलं होतं. हे तणनाशक रुंद पानांच्या झाडांना मारतं, गवतवर्गाला नाही. मका गवतवर्गातला, म्हणून वाचला. पंपाच्या टाकीत, नळीत, नोझलमध्ये राहिलेला जरासा अंशही वांगी, भेदरे, कापूस यांना पुरतो. नुसत्या पाण्याने विसळून तो जात नाही.

नऊ वाफे उपटले. त्यांतलं काहीही खायचं नाही, बकऱ्यांनाही घालायचं नाही, असं सगळ्यांना सांगितलं आणि खड्ड्यात पुरलं. ज्या ताईचे दोन्ही वाफे गेले, ती भूमिहीन घरातली. तिने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. फक्त वाफ्याच्या कडेला बसून एकेक रोप उपटत राहिली. मी माझा एक वाफा तिला हंगामभर दिला.

गटाचा स्वतःचा पंप घेतला, 1,350 रुपये. त्याला लाल रंग दिला आहे. तो कोणाला द्यायचा नाही आणि बागेत दुसऱ्या कोणाचा पंप आणायचा नाही. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं पाळाच.

14 सप्टेंबर, पोळा

चौदाही घरांत पोळ्याच्या जेवणात बागेतली भाजी. कोहळ्याच्या त्या तीन वेलांवर अकरा कोहळी लागली. ती सामाईक, म्हणून फोडी करून वाटली. अंबाडी सगळ्यांत बेफिकीर निघाली. ती बुडाली, तापली, बकऱ्यांनी कुरतडली, तरी पुन्हा फुटली. भाजी ज्वारीच्या कण्या घालून केली. पुढच्या वर्षी पहिल्या पावसात पेरायची असेल तर अंबाडीपासूनच सुरुवात करा.

हापशीच्या ओट्यावरून वाहून जाणारं पाणी आता नालीने बागेच्या कोपऱ्यात घेतलं आहे. आधी कर्दळीची रांग, मग केळी आणि धोपा (अळू). तो कोपरा वर्षभर चिखल आणि डासांचा होता. आता तिथून वड्यांसाठी धोप्याची पानं मिळतात.

8 ऑक्टोबर

रब्बीची लागवड: मेथी, पालक, सांभार, मुळा, वांगी, लसूण. पाऊस संपला, आता कुटार पसरलं. उधई नाही, आणि पाणी एक दिवसाआड पुरतं. सांभाराचं बी चपलेखाली घासून दोन फोडी करून पेरलं. अख्खं पेरलेल्या ताईच्या वाफ्यात पाचसहा दिवस उशिरा आणि विरळ उगवलं.

शेवगा तीन फुटांवर गेला तेव्हा शेंडे खुडले होते. ज्या एका झाडाचा खुडायचा राहिला, ते सरळ नऊ फूट गेलं आणि वाऱ्याने मोडलं. तीन राहिले.

11 नोव्हेंबर

कापूस वेचणी जोरात आहे. सकाळी सातला गेलेल्या बाया संध्याकाळी सहाला येतात, अंधार पडतो. पाणी द्यायला कोणी नाही. आठवडाभरात मेथी माना टाकायला लागली. ही अडचण दर वर्षी येणारच, आणि आम्ही तिचा विचारच केला नव्हता.

तोडगा बुढी आजीने काढला. ती आणि तिच्या वयाची आणखी एक, दोघी दिवसभर घरीच असतात. मोटर सुरू करणं, पाइप फिरवणं त्यांना जमतं. वाकायचं काम नाही. बदल्यात प्रत्येक घराने आठवड्याला एक जुडी त्यांना द्यायची. आता दुपारी तीनला दोघी बागेत येतात, खाटेवर बसतात, पाणी फिरवतात. मुलं शाळा सुटली की तिथेच थांबतात. आजीच्या सुनेने मला सांगितलं, सासू दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायची, आता दुपार व्हायची वाट पाहते.

28 नोव्हेंबर

अवकाळी पाऊस. शेतात वेचायचा कापूस भिजला, गावात कोणाचं चित्त थाऱ्यावर नाही. बागेत मेथी लोळली पण दोन दिवसांत उठली. आज नोंद एवढीच.

17 डिसेंबर

उरलेल्या दोन पपयांना फुलं आली. एक नर निघाली: लांब दांड्यांवर लोंबणारे फुलांचे झुबके. देशी बियाच्या रोपात नर-मादी आधी ओळखू येत नाही, म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावून फुलांवर आल्यावर नर काढायचे असतात. आम्ही एकेकच लावलं. सहा खड्ड्यांतून हाती एक फळझाड.

15 जानेवारी 2024

एक वर्ष झालं, हिशेब केला. कुंपण 22,340. पंप 1,350. बी-रोपं 2,180. शेणखत दोन ट्रॉल्या 4,400. पाइप 2,700. ट्रॅक्टर 1,800. किरकोळ आणि वाया गेलेलं 1,030. एकूण 35,800 रुपये. कुंपणाचे पैसे वर लिहिलेच आहेत. बाकीचं महिन्याला घरटी 50 रुपये आणि गटाची बचत यांतून झालं.

सप्टेंबरपासून वजन लिहिलं: 690 किलो. खुडलेली पानं, कढीपत्ता, तरोटा यांत धरलेलं नाही. घरटी साधारण 49 किलो. बाजारातला भाजीचा खर्च बहुतेक घरांचा आठवड्याला 90 ते 120 वर आला. बायांचे दिवस मजुरीने मोजले तर पहिल्या वर्षी बाग तोट्यातच आहे, हे करणाऱ्यांनी समजून असावं. कुंपण, पाइप, पंप हे एकदाच लागतात.

वजनात न येणारं एक लिहिते. भूमिहीन पाचही घरांतल्या बाया आता "माह्या वाफ्यात" असं म्हणतात. दुसऱ्याच्या शेतात आयुष्य गेलेल्या बाईच्या तोंडून हा शब्द ऐकायला मला फार बरं वाटतं. आणि बुधवारच्या बाजाराआधीचे तीन दिवस आता कोरड्या ताटाचे राहिले नाहीत.

26 जानेवारी

ग्रामसभेत नवीन ठराव. पंचायत भवनासमोर क्रोटनची कुंड्यांमधली झुडपं आणि शोभेचा अशोक आहे. त्यांतला अशोक तसाच ठेवून कुंड्यांच्या जागी कढीपत्ता, लिंबू, गवती चहा लावायचा. शाळेच्या रस्त्याला शेवगा, सीताफळ आणि आवळा. ही झाडं कोणाचीच नाहीत, जो जाईल त्याने हवं तेवढं तोडावं. एका सदस्याची शंका होती की पोरं कच्चंच तोडतील. सरपंच ताई म्हणाल्या, तोडू द्या, पोरांसाठीच आहे. क्रिकेटवाल्या पोरांनी खड्डे खणायचं कबूल केलं. त्यांना शाळेमागची जागा सपाट करून देण्याचं गटाने मान्य केलं.

खड्डे या वेळी रिकामेच ठेवणार आहोत, जूनपर्यंत उन्हात. खत कुजलेलं, आणि तेही लागवडीच्या दिवशीच.

18 फेब्रुवारी

बी राखायला घेतलं. अंबाडीची बोंडं, बरबटीच्या वाळलेल्या शेंगा, दोन निबर गिलकी, वांग्याची तीन पिवळी फळं. राखेत घोळून बाटल्यांत भरलं, बाटलीवर नाव आणि महिना. शेजारच्या गावांतल्या बायांसाठी दोन बाटल्या अंबाडी वेगळी ठेवली आहे.

25 फेब्रुवारी

शेवग्याची पहिली तोड. तीन झाडांवरून 41 शेंगा. घरटी दोन, म्हणजे 28. उरलेल्या 13 अंगणवाडीत दिल्या. वरच्या फांद्यांवर अजून फुलं आहेत. हा बहार संपला की तिन्ही झाडं जमिनीपासून तीन फुटांवर छाटायची आहेत. करवत बुढी आजीच्या घरी आहे. रविवारी सकाळी सातला.